अमेरिकेच्या विजेवर आपला ड्रायर

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटायला नको. मे महिन्यात तुम्ही दोघे सासूबाईंना घेऊन निघताय. आधी आठवडाभर लंडनला दिरांकडे आणि मग महिनाभर न्यू जर्सीला लेकीकडे. बरोबर १२०० वॅटचा हेअर ड्रायर, स्ट्रेटनर, यजमानांचा ट्रिमर, दोन फोन, लॅपटॉप, पॉवर बँक आणि सासूबाईंचा नेब्युलायझर, म्हणजे श्वासातून औषधाची वाफ देणारे यंत्र. दुकानदाराने एक युनिव्हर्सल ॲडॅप्टर दिलाय आणि ‘दीडशे देशांत चालतो, बिनधास्त न्या’ असे सांगितलेय. तर या एका ॲडॅप्टरवर सगळे चालेल का, असे तुम्ही विचारताय.

फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे चालतील. ड्रायर लंडनला चालेल, न्यू जर्सीत चालणार नाही. स्ट्रेटनर आणि ट्रिमरचे त्यांच्यावरचे बारीक अक्षर वाचूनच सांगता येईल. आणि तुम्ही यादीत सगळ्यात शेवटी लिहिलेला नेब्युलायझर, त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. त्याच्याकडे शेवटी सविस्तर येतो.

माझे ठाण्यात घरगुती विजेच्या वस्तू दुरुस्त करण्याचे दुकान आहे, सव्वीस वर्षे झाली. मिक्सर, इस्त्री, गिझर, पंखे हे रोजचेच. पण सुट्ट्या संपल्या की दरवर्षी एक वेगळा ढीग येतो, तो म्हणजे परदेशवारीत जळलेल्या वस्तूंचा. त्यातल्या बहुतेक वस्तू चांगल्या कंपन्यांच्या आणि अगदी नव्या असतात. चूक वस्तूची नसते, वापरणाऱ्यालाही कोणी नीट सांगितलेले नसते. म्हणून जरा लांबण लावतोय.

तुमचा दुकानदार खोटे बोलला नाही. तो ॲडॅप्टर खरोखरच दीडशे देशांतल्या भिंतींत बसेल. पण त्याचे काम तेवढेच. तो उघडून पाहिला तर आत पितळी पट्ट्या दिसतात, एखादा छोटा फ्यूज आणि यूएसबीचे सर्किट दिसते. भिंतीतून जी वीज येते तीच पट्ट्यांतून जशीच्या तशी पलीकडे जाते. आपल्याकडे ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तिच्या किती लाटा येतात ते. ब्रिटनमध्ये तेवढीच, फक्त पिना वेगळ्या. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, म्हणजे आपल्या जवळजवळ निम्मा दाब. पुढे कधी जपानला गेलात तर तिथे आणखी कमी, १०० व्होल्ट. शिवाय टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ती दुफळी आजतागायत टिकून आहे.

तेव्हा ॲडॅप्टर बाजूला ठेवा आणि प्रत्येक वस्तूवरचा मजकूर वाचा. चार्जरवर तो पोटावर करड्या अक्षरांत असतो, ड्रायरच्या मुठीवर किंवा वायरला चिकटवलेल्या पट्टीवर, स्ट्रेटनरच्या वायर निघते त्या टोकाशी. अक्षर वाचता येत नसेल तर फोनने फोटो काढून मोठा करा. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे असेल तर ती वस्तू जगभर चालते, फक्त पिना जुळल्या पाहिजेत. नुसते ‘२२०–२४० व्होल्ट’ असेल तर ती भारत, ब्रिटन, युरोप, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथली, पण अमेरिका, कॅनडा, जपानची नाही. हे वाचायला सगळ्या सामानाला मिळून पाच मिनिटे लागतात.

फोनच्या चार्जरला दाबाचा फरक का पडत नाही, हे लोक मला नेहमी विचारतात. चार्जर भिंतीतली वीज थेट वापरत नाही. तो आधी तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तिचे छोटे छोटे घास करतो आणि जेवढे लागतात तेवढेच पुढे सोडतो. दाब कमी आला तर घास मोठा घेतो, जास्त आला तर लहान. हर्ट्झशीही त्याला देणेघेणे नाही. लॅपटॉप, कॅमेरा, टॅब, आजकालचे बरेचसे ट्रिमर याच जातीचे आहेत.

ड्रायरचे तसे नाही. त्यात कॉइल असते, आणि कॉइलला घास लहान-मोठा करता येत नाही, समोर आला तेवढा दाब ती घेते. इथे एक हिशोब सांगतो. दाब निम्मा झाला तर उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. तुमचा २३० व्होल्टचा १२०० वॅटचा ड्रायर न्यू जर्सीच्या १२० व्होल्टवर लावला तर त्याचे सुमारे ३२५ वॅट उरतात. साध्या ड्रायरमध्ये पंख्याची मोटरही छोटी डीसी असते आणि कॉइलच्याच एका भागातून दाब उतरवून, चार डायोडांतून तिला वीज दिलेली असते. म्हणजे पंखाही मंदावतो. ड्रायर जळणार नाही, पण कोमट फुंकर मारत बसेल. अर्धा तास उभे राहून केस ओलेच.

खरा धोका उलट्या दिशेने आहे. दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. अमेरिकेत दुकानात मिळणारा ड्रायर बहुतेकदा १८७५ वॅटचा असतो, १२० व्होल्टसाठी बनवलेला. तो इथे आणून २३० व्होल्टवर लावला तर हिशोबाने ६,९०० वॅटच्या घरात जातो, म्हणजे साडेतीन गिझर एका मुठीत. दोन-तीन सेकंद पंखा किंचाळतो, जाळीतून कॉइल लालभडक दिसते आणि मग आतला थर्मल फ्यूज उडतो किंवा घरातली एमसीबी पडते. एका बाईंनी बहिणीने प्रेमाने पाठवलेला ड्रायर डोक्याजवळ धरूनच सुरू केला होता. जाळीतून ठिणगी उडून त्यांच्या कपाळावरचे केस जळले, कातडीला इजा झाली नाही एवढेच. तो ड्रायर माझ्याकडे आला तेव्हा नळीचे प्लॅस्टिक मेणासारखे ओघळलेले होते.

म्हणून लेकीला आत्ताच सांगून ठेवा की परतताना भेट म्हणून ड्रायर, कर्लर, इस्त्री, मिक्सर असले काही बांधून देऊ नको. तिथल्या ड्रायरच्या पिनेला जो जाड ठोकळा असतो, तो पाण्यात पडल्यास वीज तोडण्यासाठी असतो आणि तोही १२० व्होल्टचाच असतो. पिना कापून आपल्या पिना लावून द्या, असे म्हणत लोक माझ्याकडे येतात. मी ते काम करत नाही. तिथला स्पाइक गार्डचा बोर्डही आणू नका, त्याच्या आत दाब अडवणारा जो भाग असतो तो आपल्या २३० व्होल्टलाच संकट समजतो आणि जळतो.

तुम्ही एक विचारलेले नाही, पण पुढे कोणीतरी सुचवेलच, की ‘कन्व्हर्टर घे, मग काय अडचण?’ बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक हलका, खिशात मावणारा. तो विजेची लाट मधेच कापून दाब कमी करतो. नुसत्या कॉइलच्या वस्तूला ते कसेबसे चालते, पण त्याच्यावर लॅपटॉप किंवा बटणावर तापमान दाखवणारा स्ट्रेटनर लावला तर आतले सर्किट जाऊ शकते. शिवाय तो २३०चे १२० करतो, तुम्हाला हवे आहे नेमके उलटे. दुसरा खरा ट्रान्सफॉर्मर, तांबे-लोखंडाचा. तो दाब वाढवून देतो, पण १२०० वॅटच्या ड्रायरसाठी निदान १५०० वॅटचा घ्यायला हवा आणि तो कित्येक किलोंचा भरतो. बॅगेत २३ किलोंची मर्यादा असताना केस वाळवायला इतके लोखंड वाहून नेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. आणि ज्या महागड्या ड्रायरमध्ये डिजिटल मोटर आणि तापमान मोजणारे सर्किट असते, त्यांच्या बाबतीत तर कन्व्हर्टर लावूच नये.

तुमच्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो, कारण तुम्ही लेकीच्या घरी राहणार आहात. तिच्याकडे ड्रायर असेलच. नसला तर तिथे वीस-पंचवीस डॉलरमध्ये साधा मिळतो, तो तिच्याचकडे राहील. हॉटेलात उतरणाऱ्यांनी खोली घेताना विचारून घ्यावे, बहुतेक ठिकाणी असतो. एक लक्षात ठेवा, तिथे एका सर्किटवर बहुधा १५ अँपिअरच असतात, म्हणजे १८०० वॅट. लेक एका खोलीत आणि तुम्ही शेजारच्या खोलीत एकाच वेळी ड्रायर लावलात आणि दोन्ही सॉकेट एकाच सर्किटवर असली तर वीज जाईल. बाथरूममधल्या सॉकेटवर दोन छोटी बटणे असतात. ते सॉकेट अचानक बंद पडले तर घाबरू नका, ‘रीसेट’ लिहिलेले दाबायचे.

प्रवासासाठी म्हणून मिळणारा छोटा ड्रायर घ्यायचाच असेल तर दोन दाबांचा घ्या. त्याच्या मुठीवर नाण्याने फिरवायची एक खाच असते, १२५ आणि २५० अशी. हा प्रकार चांगला आहे, पण तो तुमची आठवण मागतो. लंडनला २५०वर, न्यू जर्सीला १२५वर, आणि घरी परतल्यावर पुन्हा २५०वर. माझ्याकडे येणारे दोन दाबांचे जळके ड्रायर जवळजवळ सगळेच परतल्यानंतरच्या पहिल्या आंघोळीचे असतात. तिकडून बॅग भरतानाच खाच २५०वर फिरवून ठेवायची सवय लावा.

आता लंडन. दाब आपलाच, त्यामुळे ड्रायरला काही होणार नाही. पण पिना आणि ॲडॅप्टर बघा. युनिव्हर्सल ॲडॅप्टरवर बहुतेकदा ६ अँपिअर असे लिहिलेले असते. २३० व्होल्टवर त्याचे होतात १३८० वॅट. तुमचा १२०० वॅटचा ड्रायर त्यात बसतो, पण जेमतेम. सरकत्या पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये पितळी पट्टीची पकड ढिली पडते, आणि पकड ढिली तिथे ऊब. ड्रायरसाठी एकाच देशाचा घट्ट, तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश ॲडॅप्टर वेगळा घ्या, ज्यात १३ अँपिअरचा फ्यूज असतो. पाच मिनिटे चालवून हात लावून पाहा, चांगलाच गरम लागला तर तो बदला. १८००–२००० वॅटचे ड्रायर असलेल्यांनी युनिव्हर्सल ॲडॅप्टर वापरूच नये.

तिथल्या सॉकेटला आतून झडपा असतात. वरची लांब पिन आत गेली की खालच्या दोन उघडतात. आपले लोक दोन पिनांचा चार्जर घालायला वरच्या भोकात पेन खुपसतात आणि झडपा उघडतात. दुबई-सिंगापूरलाही हेच चालते. कृपा करून हे करू नका. दोन पिना त्या भोकांसाठी बनलेल्याच नाहीत, पकड नीट बसत नाही आणि ठिणग्या पडतात. आणि लंडनच्या बाथरूममध्ये आपल्यासारखे सॉकेट नसते. आरशाजवळ दोन पिनांचे एक दिसेल, पण ते फक्त दाढीच्या मशीनसाठी असते, फार थोडा भार घेणारे. ट्रिमर तिथे चालेल. केस मात्र खोलीतच वाळवायचे.

स्ट्रेटनरबद्दल थोडी चांगली बातमी असण्याची शक्यता आहे. अलीकडच्या बऱ्याच स्ट्रेटनरमध्ये कॉइलऐवजी सिरॅमिकची एक चकती असते, जी गरम झाली की स्वतःच विजेला अडवते. अशा प्रकारचे स्ट्रेटनर ‘१००–२४०’ किंवा ‘११०–२४०’ असे लिहून येतात, आणि ४०–५० वॅटच खातात. ते अमेरिकेत साध्या पिनेच्या ॲडॅप्टरवर चालतात, तापायला थोडा जास्त वेळ घेतात एवढेच. तुमच्यावर ‘२२०–२४०’ असेल तर मात्र नेऊ नका. माझ्या भाचीने तसा नेला होता. पट्ट्या कोमटच राहिल्या, तिला वाटले अजून तापायचाय, म्हणून एकाच बटेवरून दहादा फिरवला आणि केस तुटले. आपल्याकडच्या तापमानावर सवय झालेल्या हाताला कमी तापलेली पट्टी ओळखू येत नाही.

बिनवायरचा, बॅटरीवर चालणारा स्ट्रेटनर किंवा कर्लर घ्यावा असे मनात असेल तर आधी ज्या विमान कंपनीचे तिकीट काढलेय तिचे नियम वाचा. ज्यातली बॅटरी काढता येत नाही असे तापणारे यंत्र काही कंपन्या विमानात घेऊच देत नाहीत.

पॉवर बँकेचे नियम मात्र सरळ आहेत. ती कधीही चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॅट-तास, तुम्ही निश्चिंत राहा. त्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर मात्र सुरक्षा तपासणीत अडकू शकते, अशी जुनी घरीच ठेवा. २०२५पासून काही कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरायलाही बंदी घातली आहे, तेव्हा फोन विमानतळावरच भरून घ्या.

चार्जरांसाठी माझी स्वतःची पद्धत सांगतो. ६५ वॅटचा एकच यूएसबी-सी चार्जर, ज्यावर लॅपटॉप आणि दोन फोन भरतात, आणि घरातला साधा चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड, स्पाइक गार्ड नसलेला. तिथे एकच ॲडॅप्टर भिंतीत, बाकी सगळे आपल्या पिनांनी बोर्डवर. सगळे चार्जर मिळून दीडशे-दोनशे वॅट होतात, ॲडॅप्टरला काहीच जड नाही. पण त्या बोर्डवर ड्रायर, किटली, इस्त्री लावायची नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुधा ॲडॅप्टरमध्ये अर्थिंग पुढे जात नाहीये. स्वस्त युनिव्हर्सल ॲडॅप्टरमध्ये तिसरी पिन पुष्कळदा नुसती आकारापुरती असते. चार्जरला चालेल, धातूच्या अंगाच्या आणि तापणाऱ्या वस्तूला चालणार नाही.

एवढे वाचून यादी हातात घ्या: फोन, लॅपटॉप, पॉवर बँक आणि चार्जर न्या. ट्रिमर आणि स्ट्रेटनरचे लेबल बघून ठरवा. ड्रायर घरी ठेवा, लंडनलाही दिरांच्या घरी एखादा मिळेलच.

आता नेब्युलायझर. तुम्ही तो औषधाच्या पिशवीत ठेवायचा विचार केला असेल, पण तो या सगळ्यांत सगळ्यात हट्टी आहे. घरोघरी असतो तो कॉम्प्रेसरचा, त्यात मोटर भिंतीतल्या विजेवर थेट चालते. तिला दाबही लागतो आणि हर्ट्झही. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नेब्युलायझर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर एकतर सुरूच होत नाही, किंवा घरघर करत राहतो आणि वाफ अशी विरळ येते की औषध पोचत नाही. ड्रायर नाही चालला तर केस ओले राहतील. हा नाही चालला तर रात्री दोन वाजता धावपळ होईल. आणि ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे त्यावरही मी विसंबणार नाही.

दोन मार्ग आहेत. सेलवर किंवा यूएसबीवर चालणारे छोटे मेश नेब्युलायझर मिळतात, जे बारीक जाळीतून औषधाचा फवारा करतात. त्यांना कुठल्याच देशाच्या भिंतीशी मतलब नसतो, विमानातही चालतात. पण सगळीच औषधे प्रत्येक यंत्रातून देता येत नाहीत, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांना औषधाचे नाव आणि यंत्राचे मॉडेल दोन्ही दाखवून विचारा. दुसरे म्हणजे, प्रवासापुरते स्पेसर (इनहेलरच्या तोंडाला लावायचे नळकांडे) लावून इनहेलरवर भागेल का, हेही त्यांनाच विचारा. जे यंत्र ठरेल ते निघण्याआधी घरी निदान आठवडाभर वापरून पाहा, जादा सेल बरोबर ठेवा, आणि यंत्र, औषधे, चिठ्ठी सगळे हातातल्या बॅगेत. अमेरिकेत पोचून तिथेच विकत घेऊ, असे धरून चालू नका, त्यासाठी तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागू शकते.

आजच नेब्युलायझर उलटा करून तळावरच्या पट्टीचा फोटो काढा आणि इथेच खाली टाका, स्ट्रेटनरचाही. रात्री दुकान बंद केल्यावर मी बघतो आणि उत्तर देतो.